टायग्यासाठी मी निवडलेला माणूस

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. बायकोला न्हाई, सख्ख्या भावाला न्हाई. मग तुम्हाला का सांगून राहिलो? तुम्ही मला ओळखत न्हाईत, म्हणून असंल. ओळखीच्या माणसासमोर जीभच उचलत न्हाई माझी.

मी नांदेडात शाळामास्तर, मूळचा हदगावकडचा. शाळेत माझं नाव लई चांगलं — पोरावर कधी हात न उगारणारे सर. पालक मुद्दाम माझ्या वर्गात पोरं घालतात. आणि ते खोटं न्हाई हो. वर्गात मी कुणाला साधी टिचकीसुद्धा मारलेली न्हाई.

टायग्या हा आमचा कुत्रा. माझ्या बायकोनं, सुनंदानं, पिल्लू असताना आणला. आम्हाला मूलबाळ न्हाई, एवढं सांगितलं म्हणजे तिचा जीव त्याच्यात किती ते कळंल. दोन वर्षांचा झाला आणि बिघडला. दारातली चप्पल कुणी हातात घेतली की गुरगुरायचा, अंगावर जायचा. एकदा झाडताना सुनंदानं चपला उचलल्या, तर तिच्या मनगटाला कडकडून चावला. टाके पडले. रडत रडत ती एकच म्हणत होती, "मीच लाडावून ठेवलं ह्याला." मी शेजारी उभा होतो.

गल्लीतले म्हणाले, लांब कुठंतरी सोडून या. सुनंदा ऐकंना. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, लातूरला एक बाई आहेत, कुत्र्यांना शिकवण्याचं रीतसर शिक्षण घेतलेल्या, आधी त्यांना दाखवा. बाई एसटीनं आल्या. सुनंदा आत पाणी आणायला गेली, तेवढ्यात मी मागायच्या आधीच सर्टिफिकेट काढून हातात दिलं. मी शिक्का-बिक्का नीट बघून घेतला, मास्तरच ना मी! हे सर्टिफिकेट ध्यानात ठेवा.

त्यांची पद्धत निराळीच. टायग्याला खांबाला बांधायचं. घरातल्यांनी एकेकानं बाहेर यायचं, चप्पल उचलायची, नुसतं उभं राहायचं. बाकीच्यांनी आत थांबायचं. सुनंदा गेली, तर तो गुरगुरला. मग ती आत चहा ठेवायला गेली, आणि माझी पाळी आली.

मी चप्पल उचलली. टायग्या गुरगुरला न्हाई. पोट फरशीला लावून सपाट पडला — आणि तिथंच मुतला.

कळलं ना तुम्हाला? बाईंनाही कळलं.

वर्षभर मी त्याला चपलेनं मारत होतो. सुनंदा संध्याकाळी देवळात गेली की. कशासाठी? काही न्हाई हो. हेडमास्तरची बोलणी, पोरांचा कालवा, शाळेत दिवसभर गिळलेला राग — वड्याचं तेल वांग्यावर. तो बिचारा शेपूट हलवत दारात यायचा, आणि मी पायातली काढायचो.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "सर, कुत्रा चावरा नाही, भ्यालेला आहे. पुढच्या रविवारी मी येते. त्याआधी मॅडमना तुम्ही स्वतः सांगा. हे घरात झाकून ठेवलं तर माझ्या शिकवण्याचा काही उपयोग नाही." शिव्या न्हाई, दम न्हाई. चहा पिऊन गेल्या.

सात दिवस होते हातात. सांगता आलं नसतं का? आलं असतं. पण शनिवारी मी सुनंदाला म्हणालो, "ती बाई फसवी हाय. सर्टिफिकेट मागितलं तर टाळाटाळ केली तिनं." बाईंना फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. एवढ्यावर तरी थांबलो का? स्टाफरूममधला एकजण आपल्या कुत्र्यासाठी त्यांनाच बोलावणार होता — त्यालाही तेच सांगितलं. त्यानं आणखी कुणाला. नांदेडात त्यांना पुन्हा कुणी बोलावल्याचं माझ्या कानावर आलं न्हाई.

मग मी भोकरकडचा एक माणूस हुडकला. शेतात पत्र्याचं शेड, साखळ्या, कोपऱ्यात काठ्या उभ्या केलेल्या. मला सगळं दिसत होतं. "महिन्यात गरीब गाय करून देतो, सर." त्याचं सर्टिफिकेट मी बघितलंच न्हाई. आणि त्यानंही काही विचारलं न्हाई — कुत्रा का चावतो, घरात कोण कोण, कोण कसं वागतं, काहीच न्हाई. म्हणून तर तो मला पसंत पडला. साखळी त्याच्या हातात देताना टायग्या लपायला बघत होता. कुणाच्या मागं? माझ्याच.

महिन्यानं परत आणला. भुंकत न्हाई, गुरगुरत न्हाई. झाडू उचला, चप्पल उचला, कोपऱ्यात जाऊन बसतो. एक कान कायमचा पडलाय. सुनंदा गल्लीभर सांगते, "आमच्या सरांनी बरोबर माणूस हुडकला. मी तर त्या लातूरच्या बाईच्या नादी लागले असते." चावल्याची खूण अजून हाय तिच्या मनगटावर. आणि चूक आपलीच होती, असं ती अजून म्हणते.

त्यानंतर मी टायग्याला एकदाही मारलं न्हाई. ह्यात माझा मोठेपणा धरू नका. मी घरी आलो, चपला काढायला वाकलो, की तो आपला आपणच सपाट पडतो, पोट फरशीला लावून. सुनंदाला त्याचं लई कौतुक. हसत हसत म्हणते, "बघा तरी, कसा साष्टांग दंडवत घालतोय तुम्हाला!"

आणि मीही हसतो. कालसुद्धा हसलो.