तिसावी मुलाखत, साळूबाईंची

वेणीमाधव मला गंगापूर रोडवरच्या चहाच्या टपरीवर भेटला आणि नुसतं "हं" म्हणाला. त्या एका "हं"वर मी अडीच तास बोललो. माझं पित्त, माझा साडू, सोसायटीच्या पार्किंगमध्ये पंधरा वर्षं पेटलेलं महायुद्ध, एवढंच काय, बायकोलाही न सांगितलेली दहावीतली कॉपी! टपरीवाल्याने शेगडी विझवली, तरी हा गृहस्थ आपला मान हलवतोय.

दुसऱ्या भेटीत मला लाज वाटली आणि मी त्याला विचारलं. तेव्हा कळलं, ऐकणं हीच त्याची नोकरी. सुमेधाताई म्हणून एक बाई मानसशास्त्रात पीएच.डी. करत होत्या, विषय होता एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचं मन. मुलाखती घ्यायला हा. याचे वाडवडील रामकुंडावरचे उपाध्ये, यात्रेकरूंची नावं-गावं वहीत उतरवायचे. चिरंजीवांनी दुःखं उतरवायला घेतली. नियम कडक. विचारायचं, ऐकायचं, पण स्वतःबद्दल अवाक्षर काढायचं नाही. एकोणतीस मुलाखती त्याने दगडासारखं बसून घेतल्या. सगळ्यांनी सांगितलं, "देवाच्या दयेनं बरं चाललंय."

तिसावी सटाण्याच्या साळूबाईंची.

"एकटं वाटतं तेव्हा काय करता, आजी?"

"पहिले तू सांग. तुनी माय कोठे शे?"

साळूबाईंच्या घरी रीतच तशी. दारात आलेल्याने आधी आपल्या घरचं सांगायचं, मग दुसऱ्याचं विचारायचं. रेकॉर्डिंगमध्ये चार मिनिटं नुसता पंखा वाजतोय.

"वृद्धाश्रमात," शेवटी तो म्हणाला. "मीच ठेवलं."

"भेटाले जास का?"

"नाही."

"हं," साळूबाई म्हणाल्या.

आणि हा पठ्ठ्या आयुष्यात पहिल्यांदा वीस मिनिटं बोलला. मग त्या म्हणाल्या, "आते मन्हं लिखी ले," आणि स्वतःचं सांगू लागल्या. मुलगा गेल्यापासून त्या रोज दोन ताटं वाढतात, एकातलं जेवतात आणि दोन्ही घासतात. हे त्यांनी शेजारणीलाही सांगितलेलं नव्हतं.

सुमेधाताईंनी रेकॉर्डिंग ऐकलं.

"मुलाखत तिची होती की तुझी? ही प्रबंधात घेता येणार नाही."

"ताई, तिसांत खरं बोललेली ती एकटीच. ही काढणार असाल तर बाकीच्याही काढा."

"त्या पद्धतीत बसतात."

"मग मी बसत नाही," म्हणून त्याने रेकॉर्डर टेबलावर ठेवला. त्याला कुणी थांबवलं नाही.

प्रबंध मंजूर झाला. एकटे राहणारे वृद्ध एकंदरीत समाधानी असतात, असा त्यात निष्कर्ष आहे.