उताऱ्याशिवायचे प्रश्न

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि हात चुलीला सरावलेला, पेनाला नाही, म्हणून अक्षरही वेडंवाकडं येतं. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. खरं तर कोणाला दाखवायला हे लिहीत नाही. रूथबाईंची शोकसभा शाळेत झाली तेव्हा हेडमास्तर बोलले, आणखी दोन-तीन मास्तर बोलले. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. मला कोणी बोला म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. तेव्हा जे मनात राहिलं ते इथे उतरवते आहे.

श्रावणातली सकाळ होती. मी ओट्यावर रेशनची मिलो निवडत बसले होते. दुष्काळापासून तीच लाल ज्वारी आमच्या ताटात आहे. शाळेची घंटा भलत्याच वेळी वाजली आणि थोड्या वेळाने पोरांचा लोंढा रस्त्याने ओरडत आला, "सुट्टी! सुट्टी!" एका पोरीला मी विचारलं, कशाची गं सुट्टी? तिने पळता पळताच सांगितलं, "रूथबाई वारल्या!" तिच्या तोंडावर हसू होतं. ते सुट्टीचं हसू होतं, मला तिचा राग आला नाही. मी सूप खाली ठेवलं, पुन्हा मांडीवर घेतलं आणि निवडत राहिले. खडे कुठले आणि दाणे कुठले ते मात्र दिसत नव्हतं...

रूथबाई नगरच्या. आमच्या शेवगावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आल्या तेव्हा चाळिशीला आल्या असतील. लग्न केलेलं नव्हतं. आमचं घर गावाच्या टोकाला, शाळेकडून येणाऱ्या रस्त्यावर. आमचे हे श्रीगोंद्याकडे साखर कारखान्यात असतात, चार-सहा महिन्यांनी घरी येतात. मूलबाळ नाही. रस्त्याकडची खोली रिकामी होती ती ह्यांनीच बाईंना द्यायला सांगितली, जेवणही माझ्याकडेच. ख्रिस्ती बाईला घरात घेतली म्हणून समोरच्या गंगूबाईंनी आठवडाभर नाक मुरडलं. पुढे त्यांच्याच नातवाला इंग्रजीत पास करायची वेळ आली तेव्हा त्या ताक घेऊन बाईंकडे आल्या. बाई ते ताक पिऊन मला म्हणाल्या, "चांगलं आहे हो. पोरगा नापास झाला तर मात्र याहून आंबट येईल." मी पदर तोंडात धरून हसले. त्या असं काही बोलायच्या आणि स्वतः अगदी गंभीर राहायच्या.

पहिलं वर्ष मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. माझा स्वभावच तसा. ताट वाढायचं, पाणी ठेवायचं आणि आत जायचं. मग त्या परीक्षेचं निघालं. हुशार पण गरीब मुलांना नगरला बोर्डिंगमध्ये ठेवून पुढे शिकवायचं असं काही चांगल्या लोकांनी ठरवलं होतं. आमच्या शाळेतून कोणाला पाठवायचं ते परीक्षा घेऊन ठरणार होतं, आणि ती परीक्षा काढायचं काम बाईंवर आलं. इंग्रजी वाचून समजतं का आणि डोकं सरळ चालतं का, एवढंच त्यात बघायचं होतं. बाई म्हणायच्या, "पोरं गाइडातली उत्तरं घोकून येतात. उतारा झाकला तरी उत्तर म्हणून दाखवतात. मला ते नको. मी न पाहिलेले उतारे देणार, माझे मीच लिहिणार."

एका रविवारी मी भाकऱ्या थापत होते. बाई कागद घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "यमुनाबाई, एका प्रश्नाचं उत्तर द्या. एक म्हातारा बैल विकायला बाजारात गेला आणि न विकताच परत आला. का? अ, गिऱ्हाईक नव्हतं. ब, भाव पडला होता. क, बैल लंगडत होता. ड, ज्याने बैल मागितला त्याने आधी त्याच्या पाठीवर चाबूक ओढून बघितला आणि ते म्हाताऱ्याला सहन झालं नाही."

"शेवटचं," मी म्हटलं.

"का?"

"तेच लांबलचक हाय. एवढं उगीच कोण लिहील?"

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, आठवडाभर मी यावर डोकं फोडलं, आणि तुम्ही भाकरी उलटता उलटता माझी परीक्षा बुडवलीत!" आणि खो खो हसत सुटल्या. मग पेन्सिलीने ते उत्तर खोडून बारकं केलं.

मी म्हटलं, मला चौथीवालीला कशाला विचारता? तेव्हा त्यांनी समजावलं. उतारा न वाचताच उत्तर येत असेल तर तो प्रश्न फुकट. पोराने वाचलं का, त्याला कळलं का, ते त्यातून समजत नाही. "तुम्हाला इंग्रजी येत नाही, उतारा तुम्ही बघितलेला नाही, पण बाजार, बैल, माणसं तुम्हाला चांगली कळतात. तुम्ही चुकलात की प्रश्न चांगला असं मी धरणार."

तेव्हापासून रोज भाकरीच्या वेळी बाई उंबऱ्यात बसायला लागल्या. इंग्रजी प्रश्न मराठी करून विचारायच्या. मी बरोबर सांगितलं की तोंड कडू करून खोडायच्या, चुकले की "वा, यमुनाबाई! छान चुकलात!" म्हणून मांडीवर थाप मारायच्या. माहेरी, सासरी माझं काही चुकलं की बोलणी बसली आहेत. चुकल्याबद्दल शाबासकी मला आयुष्यात त्यांनीच दिली. मी मुद्दाम मात्र कधी चुकले नाही. ते त्यांनी लगेच ओळखलं असतं.

कधी कधी गल्लीतल्या शिंप्याची मंगल शिकायला आलेली असायची. ती दहावीत होती, परीक्षेला बसणार होती, म्हणून तिच्यासमोर खरे प्रश्न काढायचे नाहीत. मग बाई डोकं चालवायचे दुसरे प्रश्न घ्यायच्या. "सगळ्या शिंप्यांना पोहता येतं. मंगलचे वडील शिंपी आहेत. तर काय?"

"मंगलचा बा?" मी म्हटलं. "त्यो आंघोळीच्या बादलीला भितो!"

मंगल हसून लोळायला लागली. बाई म्हणाल्या, "ते राहू द्या. इथे लिहिलंय तेवढंच खरं धरायचं."

"खोटं लिहिलं असलं तरी?"

"तरी. बाहेरचं काही आत आणायचं नाही."

मला ते पटायचं नाही. पण बाईंशी असा वाद घालताना मी लाजत नाही हे एक दिवस माझ्या ध्यानात आलं आणि मला नवल वाटलं.

एका गोष्टीची मात्र रुखरुख राहायची. मला प्रश्न कळायचे, गोष्ट कळायची नाही. त्या म्हाताऱ्याने बैलाचं पुढे काय केलं, पत्र न उघडता परत पाठवणारी मुलगी कोण, हे मी विचारलं की बाई बोट हलवायच्या. "परीक्षा झाल्यावर सगळ्या गोष्टी सांगेन. आत्ता सांगितल्या तर तुम्ही माझ्या कामाच्या राहणार नाही." आणि मी रात्रभर नुसत्या प्रश्नांवरून गोष्टी जुळवत पडायची.

मग तो प्रश्न आला. "दिवेलागण झाली तरी ती बाई कंदील न लावता दारात का बसली होती? अ, घरात तेल नव्हतं. ब, ती कोणाची तरी वाट बघत होती. क, तो वेळ तिला स्वतःचा वाटायचा. ड, ती कोणावर तरी रुसली होती."

माझा हात परातीतच थांबला. दिवेलागणीला कंदील न लावता दारात बसणारी बाई गावात एकच होती. गंगूबाई रोज समोरून ओरडायच्या, "काय गं यमुने, नवऱ्याची वाट बघतीस व्हय?" आणि मी "व्हय" म्हणून मोकळी व्हायची. बाईंनी माझ्यावर लिहिलं होतं. मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "ब. वाट बघती."

"चुकलं," बाई म्हणाल्या. या खेपेला त्यांनी मांडीवर थाप मारली नाही. हळूच म्हणाल्या, "हा प्रश्न ठेवते मी."

त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. माझ्याबद्दल त्यांनी काय लिहिलं असेल? रोज समोर बसून त्यांना माझं काय दिसलं असेल? तेल नाही म्हणून बसते अशी गरीब, की रुसलेली, की... विचारायला जीभ वळायची नाही. परीक्षेपर्यंत थांबायचं एवढंच हातात होतं.

परीक्षा उन्हाळ्याच्या सुट्टीआधी झाली. त्या संध्याकाळी मी धीर करून म्हटलं, "बाई, आता गोष्टी सांगा." त्या म्हणाल्या, "पेपर तपासून होऊ देत." पण पेपर तपासतानाच त्यांचं पोट दुखायला लागलं. आधी ओवा झाला, मग शेक झाला, मग गावातल्या डॉक्टरांनी नगरला मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणून सांगितलं. तिथे त्यांचे भाऊ होते. मी एस.टी. स्टँडवर पोचवायला गेले. पेपरांचा गठ्ठा त्यांनी पिशवीत घेतलाच होता. गाडी सुटायच्या आधी खिडकीपाशी उभी राहून मी म्हटलं, "बाई, त्या दारातल्या बाईचं सांगायचं राहिलं."

त्या दमल्या होत्या, तरी हसल्या. "राहू द्या. मला परत यायला काहीतरी राहायला हवं की नाही?"

पेपर तपासून आले. त्यावरून मुलं निवडली गेली आणि शाळा उघडताना मंगल नगरला बोर्डिंगमध्ये गेली. बाई आल्या नाहीत. आधी एक कार्ड आलं की ऑपरेशन झालं, बरं आहे. मग श्रावणात ती घंटा वाजली. पुढे त्यांचे भाऊ आले, ट्रंक आणि पुस्तकं घेऊन गेले. भले गृहस्थ होते. मी चहा दिला. त्यांना विचारावं असं मनात आलं, पण परक्या पुरुषाला काय म्हणून विचारणार... खोली झाडून कडी लावली.

गौरी-गणपतीला मंगल घरी आली. दुसऱ्या दिवशी मला भेटायला आली आणि बाईंची खोली बघून रडली. तिला पाणी दिलं. ती शांत झाल्यावर मी विचारलं, परीक्षेत दारात बसलेल्या बाईचा उतारा होता, तो आठवतो का?

"आठवतो की! सगळ्यांनी त्यातच मार खाल्ला, काकू. निम्म्या वर्गाने वाट बघते म्हणून लिहिलं."

"आन् उताऱ्यात काय हुतं?"

तिने डोळे मिटून आठवत आठवत सांगितलं. एक बाई असते. दिवसभर तिला उसंत नसते. संध्याकाळी काम उरकलं की ती दारात बसते, कंदील लावत नाही. शेजारणींना वाटतं, नवऱ्याची वाट बघते. पण ती कोणाचीच वाट बघत नसते. सगळ्या दिवसात तेवढाच वेळ तिचा स्वतःचा असतो, आणि कंदील लावला की पुन्हा कामं सुरू होतात, म्हणून ती लावत नाही. "आणि शेवटी असं होतं काकू, की तिच्या घरात राहणारी एक जण रोज लांबून तिला बघते आणि वळणावर जरा थांबून राहते. तिचा तेवढा वेळ आपण मोडू नये म्हणून." मंगलने डोळे उघडले. "मला काही पटलं नव्हतं. अंधारात उगीच कोण बसतं? पण उताऱ्यात होतं म्हणून क लिहिलं. काकू... ती तुम्ही का?"

मी म्हटलं, "माझ्यावर कोण लिहितंय बाय? चल, करंजी खा."

बाई वळणावर थांबायच्या हे खरं आहे. शाळेचे जादा तास संपवून अंधार पडता पडता यायच्या आणि तिथे बाभळीपाशी उभ्या राहायच्या. मला वाटायचं, दमल्या असतील, पिशवी जड असेल. एकदा तर मी विचारणारही होते की पिशवी घ्यायला पुढे येऊ का. घरात कंदील लावला की दारातून बाहेरचं काही दिसत नाही, नुसता काळोख दिसतो. नाही लावला की डोळे सरावतात, आणि बाईंचं पांढरं पातळ पार वळणापासून दिसतं. आमचे हे कधी येणार ते मला कार्डाने आधीच कळायचं, त्यांच्यासाठी दारात बसायची गरज नव्हती. त्या मला माझा निवांत वेळ देत तिथे उभ्या राहायच्या, आणि मी इथे बसून म्हणायची, आज काय झालं, अजून का येत नाहीत?

आता दिवेलागण झाली की मी लगेच कंदील लावते.