दारावरचा कोरा पट्टा

आमच्या बेटावरच्या या गावात संध्याकाळी खुर्ची दाराबाहेर टाकायची ती भिंतीला पाठ लावून, रस्त्याकडे तोंड करून. नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्यांची उणीदुणी कशी काढणार? इसिदोरस मिस्त्री तेवढा उलटा बसतो. पाठ रस्त्याला, तोंड स्वतःच्याच भिंतीकडे.

गावातल्या निम्म्या भिंतींवरची नक्षी त्याच्या हातची. काळ्या वाळूचा गिलावा, त्यावर चुन्याचा हात, आणि ओलं आहे तोवर जेवणाच्या काट्याने पांढरं खरवडायचं. खालचा काळा रंग वर येतो आणि त्रिकोण, चौकटी, चंद्रकोरी दिसायला लागतात. वाळलं की काटा चालत नाही. "जन्मभर गावाला चुना लावला मी," असं तो स्वतःच सांगायचा, "आणि वर गावानेच कॉफी पाजली."

घर आमच्याकडे मुलीला जातं. तिचं लग्न ठरलं की बाप दारावरचा शेवटचा पट्टा काढतो आणि नक्षी कुठली ते मुलगी खाली उभी राहून सांगते. इसिदोरसची एकुलती एक मार्केला मेलबर्नला शिकायला गेली आणि तिथेच लग्न करून राहिली. पट्टा राहिला तो राहिलाच. सोळा वर्षं कोरा. मध्ये बायको गेली, मिस्त्रीचे हात कापायला लागले. कुणी म्हटलं, "नक्षी काढून टाक की आता," तर म्हणायचा, "सांगणारी कुठाय?"

गेल्या सप्टेंबरात मार्केला आली. एकटीच, आठ दिवसांसाठी. मी समोरच उंबऱ्यात बसून रुमामस्तकीच्या डिंकाचे खडे साफ करत असते, माझ्या नजरेतून काही सुटत नाही. बापलेक एकमेकांशी पाहुण्यांसारखे गोड वागत होते. अंजीर खा, झोप झाली का, बस्स. ना ती वर बघे, ना तो बोले. सातव्या दिवशी मला राहवेना. तिला हाक मारली.

"पोरी, उद्या चाललीस. पट्ट्यावर काय काढायचं ते सांग की बापाला."

तिचा चेहरा उतरला. "देस्पिना मावशी, तो बाबांचा राग आहे. न विचारता लग्न केलं म्हणून कोरा ठेवलाय. घराच्या प्रत्येक फोटोत दिसतो मला. यायचं म्हटलं की पाय अडायचा तो त्यामुळेच."

मी कपाळावर हात मारून घेतला. "अगं वेडे, राग कसला? सोळा वर्षं तुझी जागा धरून बसलाय तो!"

मिस्त्री आतून ऐकत होता. बाहेर आला तो बादली घेऊनच.

"चंद्रकोरी," मार्केला म्हणाली आणि रडायला लागली.

"रड मागाहून. आधी वाळू चाळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं फळीवर चढली. पहिल्याच चंद्रकोरीला मिस्त्रीचा हात हलला. त्याने काटा मुलीच्या हातात दिला. तिने उभ्या जन्मात काटा जेवणापलीकडे वापरला नव्हता. आमच्याकडे चंद्रकोरीची टोकं वर असतात, हिने झाडून सगळ्या पालथ्या काढल्या. गल्ली जमली. बेकरीवाला स्त्रातिस ओरडला, "मिस्त्री, चंद्र सांडतोय तुमचा! ओलं आहे तोवर पुसून घ्या!"

"हात लावाल तर याद राखा," मिस्त्री वरूनच गरजला.

संध्याकाळच्या बोटीने ती गेली. दुसऱ्या दिवसापासून खुर्ची उलटी झाली. आधी लोक हसले, मग सवय झाली. मला मात्र ते बघवत नाही, आतून तुटतं.

काल न राहवून विचारलं, "अरे इसिदोरस, किती बघशील? कधीच वाळला तो पट्टा."

भिंतीवरची नजर न काढता तो म्हणाला, "चाळीस वर्षं मी गिलाव्याला म्हणत आलो, देस्पिना, जरा थांब, वाळू नकोस, माझं काम संपू दे. त्या दिवशी पोरीचं काम संपलं होतं. तरी म्हणत होतो."