अठरा फुटांवरचा खडक

तेलाचे भाव कोसळले आणि टेक्सासमधली बांधकामं आटली, त्या वर्षी मी अर्विंगच्या एका छोट्या ठेकेदाराकडे एस्टिमेटर, म्हणजे कामांच्या खर्चाचा अंदाज काढणारा, होतो. ग्रीन कार्डाचा अर्जही त्याच्याच कंपनीमार्फत केलेला. नोकरी गेली की आम्हा दोघांचं इथलं सगळं संपलं, हे बायको रोज न बोलता सांगायची.

एका शाळेचं टेंडर भरायचं होतं. पायाचे खांब खडकापर्यंत न्यायचे. नकाशात खडक अठरा फुटांवर दाखवलेला. सोबतच्या माती-तपासणीत एका भोकात तो तीस फुटांवर. जास्त खोल जावं लागलं तर खर्च ठेकेदाराचा, ही अट मात्र लख्ख लिहिलेली.

अशा वेळी आर्किटेक्टला लेखी विचारायचं, ही इथली रीत. मला ती ठाऊक होती. पण पुण्यात मी पाच वर्षं सरकारी खात्यात काढलेली. तिथे साहेबाला शंका विचारली की चारचौघांत ऐकावं लागायचं, "नकाशा वाचता येत नाही का?" ती धास्ती मी इथेही घेऊन आलो होतो.

"अहो, एक लेटर पाठवा ना. काय जातंय?" बायको म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?" मी खेकसलो. विचारायची मुदत टळली.

टेंडरच्या दिवशी फोन खणखणत होते, सगळ्या पोटठेकेदारांचे दर शेवटच्या घटकेला येत होते. मालकाने पेन्सिल रोखली. "खांब किती खोल धरलेस?"

"अठरा."

"आर्किटेक्टला विचारलंस?"

"हो. पत्र आलंय."

टपाल माझ्याच टेबलावर यायचं, त्यामुळे खोटं खपलं. काम आम्हालाच मिळालं. मालकाने माझी पाठ थोपटली.

खोदाईला मी त्याच्याशेजारी उभा होतो. पहिल्या भोकात बरोब्बर अठराला यंत्र खडकावर करकरलं. सुटलो या आनंदाने मला रडू यायचंच बाकी राहिलं.

दुसऱ्या भोकात अठरा आले, गेले. वीस. बावीस. वर येत होता तो नुसता चिखल.

मालक वळला. "ते पत्र गाडीत असेल ना? घेऊन ये."

मी गाडीपर्यंत गेलो, दार उघडलं, लावलं आणि हात हलवत परत आलो. "पत्र नाही. मी विचारलंच नव्हतं."

"का?"

"अडाणी दिसलो असतो."

तो पुन्हा भोकाकडे वळला. यंत्रावरचा माणूस ओरडला, "सव्वीस!"