डावखुऱ्या खुन्याचा उजवा हात

दिग्दर्शकाने वहीताईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका प्रेताला झापत होत्या. आवाज असा की दोन दिवे गेले, मिशीवाल्या हवालदाराची मिशी गळून पडली आणि प्रेताने, बघणारे शपथेवर सांगतात, पडल्या पडल्या हात जोडले. काल मरताना डावा पाय दुमडला होता, आज उजवा कसा, एवढाच ताईंचा सवाल होता.

ताईंचं काम कंटिन्युइटीचं. चित्रीकरण कधी क्रमाने होत नाही. शेवट सोमवारी, सुरुवात शुक्रवारी. म्हणून पेल्यात सरबत किती, मेणबत्ती किती बोटं उरली, सगळं वहीत. बावीस वर्षं हेच. घरी नवऱ्याने चष्मा हलवला तरी उलटतपासणी व्हायची.

हा चित्रपट एका रहस्यकादंबरीवरचा. तिचा सगळा डोलारा एका गोष्टीवर: खुनी डावखुरा, आणि घरात डावखुरा एकटा काका. काका झालेल्या नटाकडून ताईंनी पंधरा दिवस डाव्या हाताने दाढी करवून घेतली. बिचाऱ्याचे गाल सोलून निघाले, पण सुरी हातात शोभायला लागली.

मग संकलनाच्या खोलीत त्यांनी खुनाचा प्रसंग पाहिला. खुन्याचा फक्त हात दिसत होता, आणि तो उजवा होता. दिग्दर्शकाला सावली पडद्याच्या उजव्या बाजूला हवी होती, म्हणून दृश्य आरशातल्यासारखं उलटवलं होतं.

ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अहो, मग शेवटी गुप्तहेर काकाला पकडतो कशाच्या जोरावर? इथे तर काका सोडून घरातल्या कोणीतरी खून केलाय."

"ताई, लोक हात बघत नाहीत. सावली बघतात."

"मग कादंबरी कशाला विकत घेतलीत? सावलीच घ्यायची होती, फुकट मिळाली असती."

दिग्दर्शक हसला. त्या हसण्याने ताई जास्तच भडकल्या. पंधरा दिवस एक माणूस रक्तबंबाळ झाला तो काय हौस म्हणून? बघणाऱ्याला गाढव समजायचं आणि वर त्याच्याकडूनच तिकिटाचे पैसे घ्यायचे? बावीस वर्षांत त्यांच्या नावाखाली शर्टाचं बटणसुद्धा चुकलं नव्हतं. त्यांनी वही टेबलावर आपटली.

"दृश्य सरळ करा, नाहीतर पडद्यावरून माझं नाव काढा."

घरी नवरा म्हणाला, सोडून दे गं, कोणाला कळतंय. त्याच्याशी दोन दिवस कोणी बोललं नाही.

दिग्दर्शकाने सावली ठेवली आणि नाव काढलं. चित्रपट वीस आठवडे चालला. हाताबद्दल कोणी विचारलं नाही. पुढच्या चित्रपटाला त्याने कंटिन्युइटीसाठी कोणाला घेतलंच नाही.