काळ्या भाताचा शेरा

तेओपिस्तो माबान्साग यांच्या परीक्षणाच्या तळाशी लेखकाचं नाव असे आणि त्यापुढे शेरा. खाल्लं, किंवा खाल्लं नाही.

फिलिपिन्समधल्या आमच्या कालबायोगमध्ये याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. आमच्या समार बेटावरच्या जंगलात एक शहर आहे, ते दिसत नाही. तिथले लोक माणसाला घेऊन जातात आणि त्याच्यापुढे काळा भात वाढतात. जो खात नाही तो परत येऊ शकतो. जो खातो तो तिथलाच होतो. तेओपिस्तोंनी हीच कसोटी पुस्तकांना लावली. पुस्तकातून परत येता आलं, तर खाल्लं नाही.

ते शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. मी चालवतो त्या साप्ताहिकात सव्वीस वर्षं त्यांनी विज्ञानकथा, अद्भुत कादंबऱ्या, तसले सिनेमे आणि कविता यांवर लिहिलं होतं. ‘यानात वजन नाही म्हणतात आणि कॉफी मात्र कपातच राहते. खाल्लं नाही.’ ‘ड्रॅगन देखणा आहे, पण तो एरवी काय खातो हे लेखिकेला माहीत नाही. खाल्लं नाही.’ सव्वीस वर्षांत ‘खाल्लं’ चार वेळा. बाजारात लोक लग्नातल्या बँडलाही हाच शेरा देत.

सुकी मासळी विकणाऱ्या कोन्सोर्सिया तारायो एका सकाळी त्यांच्याकडे चाळीस पानांची पुस्तिका घेऊन गेल्या. त्यांचा मुलगा एल्पिदियो चार वर्षांपूर्वी वेत तोडायला जंगलात गेला होता. दलाकितच्या, म्हणजे आमच्याकडच्या वडाच्या, मुळांशी त्याच्या चपला आणि कोयता सापडला. एल्पिदियो सापडला नाही. मेलेल्यांसाठीची प्रार्थना कोन्सोर्सियांनी होऊ दिली नव्हती. तो त्या शहरात आहे, परत येईल, असं त्या म्हणत. त्याच्या वहीतल्या कविता मित्रांनी छापल्या होत्या.

“वाचा, मानोय,” त्या म्हणाल्या. थोरल्या माणसाला आम्ही मानोय म्हणतो, थोरल्या बाईला मानाय. “लोक म्हणायचे पोरगा नुसता हिंडतो. हिंडत नव्हता, लिहीत होता.”

कविता त्या शहराच्या होत्या. तिथे सावल्या दिव्याकडे पडतात. घराघरांत ओळखीचे आवाज आहेत, चेहरे ओळखीचे नाहीत. शेवटच्या कवितेत टेबल मांडलेलं आहे आणि एक बाई विचारते, जेवलास का? इथे रस्त्यात भेटणारा प्रत्येकजण प्रत्येकाला हेच विचारतो. कविता तिथेच थांबते. उत्तर नाही.

शनिवारी परीक्षण आलं. तळाला ठळक अक्षरांत: ‘एल्पिदियो तारायो: खाल्लं.’

नऊ वाजता कोन्सोर्सिया कचेरीत आल्या. हातांना मासळीचे खवले तसेच. तेओपिस्तो माझ्यासमोर बसले होते.

“तुम्हाला कुणी सांगितलं?” कोन्सोर्सियांनी विचारलं.

“काय, मानाय?”

“त्यानं खाल्लं म्हणून.”

“त्यानं नाही. मी खाल्लं. म्हणजे कविता फार चांगल्या आहेत. पाचव्यांदाच लिहिलंय मी हे.”

“नाव कुणाचं छापलंय?”

तेओपिस्तोंनी अंक हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. सव्वीस वर्षांत ती ओळ त्यांनी अशी वाचली नव्हती.

मी म्हणालो, “पुढच्या अंकात ‘समीक्षकाने खाल्लं’ असं छापू.”

“आणि माझ्या पोराचं काय? त्याचं अर्धवट सोडणार? अख्ख्या गावाने वाचलंय. तिकडचेही वाचत असतील. खाल्लं नाही असं छापा. ह्याच जागी, एवढ्याच मोठ्या अक्षरांत.”

“मानाय, लोक समजतील कविता टाकाऊ आहेत.”

“समजू देत. कवितांना घरी यायचं नाहीये.”

तेओपिस्तोंनी शेरा कधी बदलला नव्हता. तो त्यांनी कचेरीतच, उभ्याने लिहून दिला.

दुरुस्ती छापली. मित्रांनी संतापून पत्र पाठवलं: वर एवढी स्तुती आणि खाली हे? विक्रीसाठी कचेरीत ठेवलेला पुस्तिकांचा गठ्ठा माझ्या कपाटात पडून राहिला. प्रकरण तिथेच संपलं असं मला वाटलं. पण सोमवारी सकाळी बाजाराला जाताना कोन्सोर्सिया तेओपिस्तोंच्या खिडकीशी थांबल्या.

“आज?”

“छापलं ना, मानाय.”

“ते शनिवारचं झालं. आज?”

“खाल्लं नाही,” तेओपिस्तो म्हणाले.

तेव्हापासून रोज. तेओपिस्तोंना त्यांची मुलगी मनिलाला बोलवत होती. ते गेले नाहीत. मी एकदा म्हणालो, “मानोय, तुम्ही काही पुजारी नाही. सांगून टाका की तुम्हाला माहीत नाही.”

“मग मानायनं काय समजायचं?” ते म्हणाले.

परीक्षणं ते लिहीत राहिले, पण तळाशी शेरा देणं त्यांनी बंद केलं. रस्त्यात कुणी ‘जेवलात का’ विचारलं तर उत्तर देत नसत. लोक म्हणत, मास्तरांना कमी ऐकू येतं.

सहाव्या वर्षी त्यांना न्यूमोनिया झाला. इस्पितळात त्यांनी माझा हात धरला आणि ‘खिडकी’ एवढंच म्हणाले. दुसऱ्या सकाळी मी त्यांच्या घरात, त्यांच्या खुर्चीत बसलो. कोन्सोर्सिया थांबल्या. मला पाहून त्यांचा चेहरा पडला.

“तुम्ही त्याचं पुस्तक वाचलंय?”

साप्ताहिकाचा संपादक म्हणून परीक्षण माझ्या हातातून गेलं होतं. पुस्तक वाचलं नव्हतं. मी तसं सांगितलं.

“मग तुम्हाला काय कळणार,” म्हणाल्या आणि गेल्या. त्या दिवशी त्यांनी दुकान लावलं नाही.

कपाटातली पुस्तिका मी दुपारी काढली. चाळीस पानांना तासही लागत नाही. उठलो तेव्हा टेबलावरचा दिवा लागलेला होता आणि पेल्याची सावली दिव्याकडे पडली होती. मी दिवा मालवला. कधी लावला ते आठवत नाही.

सकाळी त्या पुन्हा आल्या. “वाचलंत?”

“वाचलं, मानाय.”

“आज?”

“खाल्लं नाही,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, टोपली सावरली आणि बाजाराकडे वळल्या. एल्पिदियोबद्दल मी खोटं बोललो की नाही, मला माहीत नाही. माझ्याबद्दल खोटं बोललो.