आंबोलीच्या घाटातली पाहुणी

सासूबाई गेल्या त्याला महिना झाला असेल. कित्येक वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या आणि त्यांचं सगळं मीच करत होते. त्या गेल्या तेव्हा मला रडू आलं नाही. सुटल्यासारखंही वाटलं नाही. सकाळी उठायचे, दारावर येणाऱ्या पोदेराकडून उंडे पाव घ्यायचे, चहा करायचे आणि मग मागच्या दारी नुसती बसून राहायचे. आमच्या नार्वे गावातल्या शेजारणी म्हणायच्या, "आता तरी जरा आराम कर गो." आराम म्हणजे नेमकं काय करायचं, ते मला सुचत नव्हतं.

माझा नवरा ड्रायव्हर. पूर्वी पाळीच्या खाणीवरच्या कामगारांची बस चालवायचा, आता एका कारखान्याची चालवतो. त्याच्या पेडण्यातल्या मित्राने एका जुन्या मिनी बसमध्ये पलंग, गॅसचा ओटा, एवढासा संडास असं सगळं बसवून घेतलं होतं. ती गाडी तो पर्यटकांना भाड्याने द्यायचा. श्रावणातल्या एका रविवारी नवरा ती घेऊन दारात उभा राहिला.

"चल, आंबोलीला जाऊया," तो म्हणाला. "घाई नाही. वाटेल तिथे थांबू."

मी दोन साड्या पिशवीत भरल्या. नाही म्हणायलाही काहीतरी वाटावं लागतं.

दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी असं करत आम्ही गेलो. तो अगदी सावकाश चालवत होता. मागून येणाऱ्या प्रत्येकाला वाट देत होता. दाणोलीला चहा घेतला. तो मधूनमधून विचारायचा, "बरं वाटतंय?" मी "हो" म्हणायचे.

घाटात धबधब्याच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली होती. सगळं जागच्या जागी ठप्प. भिजलेली पोरं गाडीतली गाणी मोठ्याने लावून रस्त्यावरच नाचत होती. कणसं भाजणाऱ्यांचा धूर धुक्यात मिसळत होता. माकडं कठड्यावर बसून माणसांच्या हातांकडे बघत होती. मला हे सगळं दिसत होतं, एवढंच.

तेवढ्यात दारावर कोणीतरी थापा मारल्या. नवऱ्याने दार उघडलं. बाहेर एक भिजलेला माणूस उभा होता, बोलण्यावरून कोल्हापूरकडचा वाटला.

"दादा, तुमच्या गाडीत संडास हाय का? आमच्या आईची लई अडचण झालीया. पाय चालत न्हाईत तिचे."

नवरा काही बोलायच्या आत मी उठले होते. पुढच्या जीपमध्ये मागच्या सीटवर म्हातारी मान खाली घालून बसली होती. उशीर झालेला होता, लुगडं भिजलं होतं. मी तिच्या काखेखालून एक हात घातला, दुसरा कमरेला. "माझ्या गळ्यात हात घाला, आई," मी म्हटलं. मुलाने पाय धरले.

आत आणून मी ओट्यावर पाणी कोमट केलं. तिला पुसलं, कुशीवर वळवलं, पाठ कोरडी केली, माझी सुती साडी नेसवली. तिची सून दारात अवघडून उभी होती. "ताई, तुमी नर्स हाय का?"

"नाही. घरी सासूबाई होत्या."

म्हातारीला मी जनेलाच्या काचेशी बसवलं, चहात पाव बुडवून दिला. ती बाहेर बघत होती. बाहेर एका ट्रॅव्हल्सच्या बसचा मडगार्ड तेवढा दिसत होता.

"धबधबा आला का गं?"

"पुढच्या वळणावर आहे."

"मग बरं," म्हणून ती पाव चावत राहिली.

रांग हलू लागली तसा मुलगा तिला उचलून न्यायला आला. तिने माझं मनगट धरलं. "तू बी चल की माझ्यासंगं." सून हसली. मी तिची बोटं हळूच सोडवली.

दार लावून मी पुढे आले. नवरा स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होता. आई गेली तेव्हा, स्मशानातसुद्धा, तो रडला नव्हता. मागून हॉर्न वाजत होते.

"मी कधी आईच्या खोलीत धड उभासुद्धा राहिलो नाही," तो म्हणाला. "तुला कसं गो जमलं हे सगळं?"

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, खालून वर, कफ सुटावा म्हणून फिरवतात तसा. त्याचं हुंदके देणं मला समजत होतं. आपल्यालाही तसं काही होईल म्हणून मी थोडी वाट पाहिली.

"गाडी पुढे घ्या," मी म्हटलं.

मग आम्ही आणखी काही दिवस त्या डोंगरावरच होतो. एका ओळखीच्याच्या अंगणात गाडी लावायची, पाऊस थांबला की चार पावलं फिरून यायचं. नवरा आईबद्दल बोलायला लागला होता. लहानपणी तिने त्याला नदीत पोहायला कसं शिकवलं, रागावली की ती भांडी कशी आपटायची. एकेक आठवण तो पुनःपुन्हा सांगायचा. मी भाजी चिरत ऐकायचे. कुठे हसायचं ते मला कळत होतं, आणि मी हसतही होते.